रविवारचं ठरलं होतं

विमानतळाच्या प्रतीक्षा कक्षात विहीणबाई येताना दिसल्या, तशी ब्रेकमास्तरांनी मांडीवरची बाळसीट उचलली आणि तोंडासमोर धरली. गाडीत तान्ह्या मुलाला बसवायची ती निळी, पट्ट्यापट्ट्यांची सीट. होणाऱ्या नातवंडासाठी घेतलेली. तिच्यामागे मास्तरांचं तोंड लपलं, पण कान दोन्हीकडून बाहेर राहिले. आणि कानही असे, की गाडी शिकायला येणारी पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांना साइड मिरर म्हणायची.

"मास्तर, कान दिसतायत." विहीणबाई समोर येऊन उभ्याच राहिल्या होत्या.

मास्तरांनी सीट खाली घेतली. "अरे वा! विहीणबाई! तुम्ही इथे कुठे?"

"मी? मी एका मैत्रिणीला सोडायला आलेय."

"इथे आतपर्यंत? तपासणीच्या रांगेतून? बॅग घेऊन?"

"जुनी मैत्रीण आहे," विहीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी बाळसीटकडे नीट पाहिलं. "आणि तुम्ही? पायलटला शिकवायला आलात वाटतं? त्याच्यासाठी का ही सीट?"

चोराला चोर भेटला की बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. विहीणबाई एक खुर्ची सोडून बसल्या. दोघंही बराच वेळ काचेबाहेर उभ्या असलेल्या विमानाकडे असे बघत राहिले, जणू ते विकत घ्यायचंय.

"रविवारचं ठरलं होतं," शेवटी विहीणबाई म्हणाल्या.

"ठरलं होतं खरं. तुम्हीच ठरवलं होतं."

"आणि तुम्ही मान डोलावली होती."

आज होता शुक्रवार.

आता हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. मास्तरांची मुलगी आणि विहीणबाईंचा मुलगा लग्न होऊन दूरच्या शहरात राहत होते. विमानानं गेलं तर बसल्या बसल्या पोचायचं, बसनं गेलं तर सगळी रात्र. नव्या संसाराला हातभार म्हणून विहीणबाई गुपचूप मास्तरांच्या एक दिवस आधी तिथे पोचल्या होत्या आणि सगळं स्वयंपाकघर त्यांनी आपल्या पद्धतीनं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर पोचले आणि त्यांनी ते सगळं आपल्या पद्धतीनं लावलं. त्यानंतर मुलीला पुढे कित्येक दिवस मीठ सापडत नव्हतं. म्हणून मुलीचे दिवस भरत आले, तेव्हा दोघा मुलांनी हात जोडून सांगितलं की येणार असाल तर चौघं आजी-आजोबा एकदम या. मास्तरांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. रविवारी, एकाच विमानानं, चौघांनी. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

आणि मग परवा संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही जरा आधी याल का? तारीख अजून लांब आहे, पण मला भीती वाटते. आईला सांगितलं तर ती म्हणेल ठरलं ते ठरलं. आणि सासूबाईंना तर मुळीच कळू देऊ नका."

भीती वाटते! या पोरीनं पहिल्यांदा गाडी हातात घेतली तीच थेट भर बाजारातून घातली होती. मास्तरांच्या कपाळावर घाम, आणि ही गाणं म्हणत होती. तिच्या तोंडून 'भीती' हा शब्द मास्तरांनी जन्मात ऐकला नव्हता. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी तिकीट काढलं. बायको म्हणाली, "मी माझ्या शब्दाला जागणारी बाई आहे. रविवारी येईन. तुम्ही मारा उड्या."

विहीणबाईंचंही तसंच. त्यांच्या मुलाचा फोन आला होता. "आई, तू लवकर ये गं. हिच्यासमोर मी धीट असल्यासारखा वागतोय, पण माझी गाळण उडालीय. आणि हिच्या बाबांना कळू देऊ नकोस."

मास्तरांचं सगळं आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेलं होतं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, पण मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. त्यावरून नाव पडलं ब्रेकमास्तर. धंद्यातून मास्तर निवृत्त झाले, पाय काही झाला नाही. बायको भाजी चिरताना सुरी जरा जोरात चालवू लागली, तरी मास्तरांचा पाय दाबला जायचा. घरातल्या सोफ्यासमोरचा गालिचा बरोबर एकाच जागी झिजला होता.

विहीणबाई म्हणजे मोठ्या रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डाच्या निवृत्त मेट्रन. त्यांच्या हाताखाली अर्ध्या गावानं पहिला टाहो फोडलेला. साधं "बसा" म्हणाल्या तरी माणसाला वाटायचं, आता इंजेक्शन.

विमानाला उशीर होत असल्याची घोषणा झाली. तांत्रिक कारण.

मास्तर उठून काचेशी गेले. "काही नाही, बॅटरी बसली असेल," त्यांनी निदान केलं. "रात्रभर दिवे चालू ठेवतात, मग सकाळी... धक्का मारायला हवा."

"मास्तर, ते विमान आहे."

"तत्त्व एकच असतं, विहीणबाई."

थोड्या वेळानं मास्तर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाले ते थेट काउंटरवर. तिथल्या मुलीला त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "हे बघ बाळ, मुलीचं बाळंतपण आहे. दुसऱ्या कुठल्याही विमानात एक सीट झाली, एकच, तर आधी मला सांग."

ती मुलगी दमलेली होती. "एकच का? मघाशी त्या आजी पण हेच म्हणून गेल्या. बाळंतपण, एकच सीट."

"असं का? बरं, मी आलो होतो हे त्यांना सांगू नकोस."

"त्याही हेच म्हणाल्या," मुलगी म्हणाली.

उशीर वाढत वाढत गेला आणि शेवटी विमान रद्दच झालं. रात्री दुसरं येईल, नाहीतर पहाटे येईल, केव्हाही येईल, तेव्हा प्रवाशांनी जाऊ नये, असं कंपनीचं म्हणणं पडलं. विमानतळ गावाबाहेर पार माळावर. घरी जाऊन पुन्हा यायचं म्हटलं तर तेवढ्यात विमान उडून जायचं. काही लोक चिडून निघून गेले, उरलेले चिडून बसून राहिले.

मास्तरांनी बायकोला फोन लावला.

"अडकलात?" बायको म्हणाली. "बरं झालं. रविवारचं ठरलं होतं. एकटेच आहात?"

"विहीणबाई आहेत."

पलीकडे बायको एवढी हसली की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. तिनं हसता हसताच फोन ठेवून दिला.

विहीणबाईंनी आपल्या यजमानांना फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. यजमान फोनवर "बरं" म्हणाले. हा गृहस्थ उभ्या जन्मात "बरं" याच्या पलीकडे फारसं काही बोललेला नव्हता. लग्नाचं विचारलं तेव्हाही तो "बरं" म्हणाला होता, आणि मेट्रनबाईंना त्याचं तेच आवडलं होतं.

दुकानं बंद झाली. कॉफीच्या यंत्रातली कॉफी संपली आणि नुसतं गरम पाणी येऊ लागलं. मधे दांडी नसलेला, आडवं होता येईल असा एकच बाक होता, तो एका लॅपटॉपवाल्या तरुणानं आधीच पटकावला होता. वर थंड हवेचा झोत असा, की जणू प्रवासी उद्यापर्यंत टिकवायचे होते. विहीणबाईंच्या अंगात वॉर्ड संचारला. त्यांनी त्या तरुणाला लॅपटॉपचा आवाज बंद करायला लावला आणि जोरजोरात फोनवर बोलणाऱ्या एका माणसाकडे नुसतं पाहिलं. तो आपणहून पार टोकाला जाऊन बसला.

"आता पाळीपाळीनं झोपायचं," त्या मास्तरांना म्हणाल्या. "एकानं झोपायचं, एकानं घोषणेकडे कान ठेवायचा. कान तुम्हाला देवानं दिलेच आहेत. आधी मी झोपते."

"झोपा की."

विहीणबाईंनी डोळे मिटले. लगेच उघडले. "पण विमान लागलं तर तुम्ही मला उठवाल कशावरून?"

"म्हणजे काय? मी काय तुम्हाला टाकून जाईन?"

"रविवारचं ठरलं होतं," विहीणबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर आपली पाळी आल्यावर विहीणबाई आपल्याला उठवतील की नाही, या विचारानं मास्तरांनाही झोप येणार नव्हती. शेवटी विहीणबाईंनीच तोड काढली. त्यांनी आपल्या बॅगेचा पट्टा घेतला, मास्तरांच्या बॅगेचा पट्टा घेतला आणि दोन्हींची गाठ मारली. चार वेढ्यांची, आतून बाहेरून, करकचून.

"ही आमची वॉर्डातली गाठ," त्या म्हणाल्या. "पेशंट कितीही वळवळला तरी सुटत नाही."

गाठ मारली खरी, पण माणसाला काही केवळ झोपच येते असं नाही. थोड्या वेळानं मास्तरांना जावं लागलं. बॅगेत तिकीट, पैसे, चष्मा, गोळ्या. बॅग सोडून कसं जाणार? ते दोन्ही बॅगा घेऊन उठले, तशी विहीणबाई ताडकन जाग्या झाल्या. "कुठे निघालात माझी बॅग घेऊन?" मग दोघंही गेले. एक पट्टा यांच्या खांद्यावर, दुसरा त्यांच्या, मास्तरांच्या दुसऱ्या हातात बाळसीट. पुरुषांच्या प्रसाधनगृहाच्या दारात विहीणबाई दोन्ही बॅगा नि बाळसीट सांभाळत उभ्या राहिल्या. नंतर त्यांना जावं लागलं, तेव्हा बायकांच्या दारात मास्तर उभे राहिले. आतबाहेर करणाऱ्या बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांनी पुन्हा बाळसीट तोंडासमोर धरली.

परत येताना लॅपटॉपवाल्यानं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा अगदी मऊ झाला. "काका, काकू, किती छान वाटतं तुम्हाला बघून! या वयातही एकमेकांना क्षणभर सोडत नाही."

"आम्ही नवरा-बायको नाही!" दोघंही एकदम ओरडले.

"ओह," तो तरुण म्हणाला. त्यानं बांधलेल्या बॅगांकडे पाहिलं, बाळसीटकडे पाहिलं, आणि लॅपटॉपचं झाकण हळूच लावून टाकलं. "मग तर कौतुकच आहे."

पुढचा बराच वेळ विहीणबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या. मास्तर थंडीनं कुडकुडायला लागले होते. त्यांचे ते कान लालभडक झाले होते. विहीणबाईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग त्यांनी आपल्या बॅगेतून एक बंद पिशवी काढली. पिशवीत बाळासाठी शिवलेली, उकळून, वाळवून, इस्त्री केलेली पांढरीशुभ्र दुपटी होती. आठवडाभर घरात त्या पिशवीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"कान झाका," त्यांनी एक दुपटं पुढे केलं.

"अहो, ते बाळाचं आहे."

"बाळाच्या आजोबांना न्यूमोनिया झाला तर दुपटं काय चाटायचंय? झाका म्हणते ना!"

मास्तरांनी दुपटं डोक्यावरून घेतलं. विहीणबाईंनी हनुवटीखाली ते असं घट्ट गुंडाळलं, की मास्तरांचा फक्त चेहरा बाहेर राहिला. बरंच ऊबदार वाटलं. "तुमच्या वॉर्डात सगळ्यांना असंच बांधायचात का हो?" त्यांनी विचारलं.

"बाळांना. आणि बाळांच्या आजोबांना दाराबाहेर ठेवायचे," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात कायदा एकच. झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही. मोठमोठी माणसं यायची, बाई, एकदाच हातात घेऊ द्या म्हणून गयावया करायची. नाही म्हणजे नाही. जागं होईपर्यंत बाहेर खुर्चीवर बसा."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा. त्याचा आवाज मास्तरांना इकडे ऐकू येत होता, एवढा तो घाबरला होता. "आई, हिला दुखायला लागलंय. दवाखान्यात आणलंय. तारीख तर अजून... तू कुठे आहेस? पोचतेस ना?"

"हे बघ, शांत हो. दीर्घ श्वास घे. तू घे आधी, मग तिला घ्यायला सांग. मी विमानतळावरच आहे. मी आणि मास्तर."

"मास्तर? हिचे बाबा? ते कसे तिथे?"

"ते ज्या विमानानं येत नव्हते त्याच विमानानं मीही येत नव्हते," विहीणबाई म्हणाल्या. "ते सोड. डॉक्टर आल्या का? बरं. मग काही काळजी नाही. सगळं नीट होणार. ठेव फोन आणि तिच्याजवळ जा."

फोन ठेवला. मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला होता आणि तो काही केल्या उचलेना. आयुष्यभर कुणाचीही गाडी कुठेही निघाली तरी त्यांच्या पायाखाली ब्रेक होता. आज मुलगी एवढ्या मोठ्या वळणावर, आणि पायाखाली नुसती गुळगुळीत फरशी.

"तिला भीती वाटते म्हणाली होती हो," मास्तर म्हणाले. "म्हणून निघालो. तुम्हाला मागे टाकायचं म्हणून नाही. म्हणजे... थोडं ते पण होतंच."

"माहिती आहे मला," विहीणबाई म्हणाल्या. "घाबरू नका. पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. डॉक्टर चांगल्या आहेत. मी स्वतः बोललेय त्यांच्याशी." सगळं अगदी ठाम स्वरात सांगितलं त्यांनी. पण फोन बॅगेत ठेवायला गेल्या तर तो बॅगेच्या कप्प्यात जाईचना. मास्तरांनी ते पाहिलं.

"परक्यांच्या लेकी-सुनांच्या वेळी कधी हात हलला नाही माझा," त्या पुटपुटल्या. "मेलं आज काय झालंय!"

मास्तरांनी फोन घेतला, कप्प्यात ठेवला, चेन लावली. यंत्रातलं गरम पाणी दोन कपांत आणलं. दोघांनी ते पाणी कॉफीसारखं फुंकून फुंकून प्यायलं. मास्तरांनी घरी फोन लावला, तर बायकोचा फोन लागेना. "रागानं बंद करून झोपली असेल," ते म्हणाले. विहीणबाईंच्या यजमानांनीही उचलला नाही. "भूकंप झाला तरी उठायचे नाहीत ते," त्या म्हणाल्या.

बाहेर उजाडायला अजून वेळ होता, तेव्हा काउंटरवरची ती मुलगी धावत आली. "आजोबा, आजी! दुसऱ्या कंपनीच्या विमानात एक सीट झालीय. तुम्ही दोघांनी सांगितलं होतं ना? एकच आहे. दार बंद करतायत, पटकन सांगा कोण जातंय."

संध्याकाळी ही सीट आली असती, तर तिथे रक्त सांडलं असतं. आता मास्तर उठले आणि म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही जा."

"छे! तुम्ही जा."

"अहो, तिथे तुमची गरज आहे. मी जाऊन काय करणार? ब्रेक दाबणार?"

"मुलगी तुमची आहे. तिनं तुम्हाला बोलावलंय, मला नाही. जा तुम्ही."

"तुम्ही मेट्रन आहात!"

"तिथे आहेत मेट्रन! बाप आहे का तिथे दुसरा?"

"ऐका माझं, तुम्ही मोठ्या..."

"मी मोठी? मी तुमच्यापेक्षा लहान आहे, मास्तर!"

"म्हणून म्हणतो, तुम्हाला धावता येईल!"

असं म्हणत मास्तर त्यांची बॅग सुटी करायला गाठ ओढू लागले, आणि विहीणबाई मास्तरांची बॅग सुटी करायला तीच गाठ पलीकडून ओढू लागल्या. वॉर्डातली गाठ ती. ओढाल तेवढी आवळणारी. मुलगी दोन पायांवर नाचत होती. "आजी... आजोबा... कुणीतरी..."

"ह्यांना न्या!" "ह्यांना न्या!"

"एक्स्क्यूज मी," लॅपटॉपवाला मुलीच्या मागून म्हणाला. "यांचं ठरत नसेल तर मी जाऊ का?"

मुलीनं दोघांकडे पाहिलं. दोघंही गाठीशी झटत होते. ती त्या तरुणाला घेऊन पळाली.

दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, हे आपण ऐकून आहोत. दोघांच्या समजूतदारपणात तिसऱ्याचा लाभ मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच झाला. दोघं हाश्श हुश्श करत खाली बसले. गाठ होती तिथेच होती. काचेपलीकडे ते विमान उडालं, तेव्हा मास्तर म्हणाले, "बाक रिकामा झाला."

विहीणबाईंना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या किती तरी वेळ हसत राहिल्या, आणि मग त्यांनी त्याच पदरानं डोळे पुसले.

त्यांचं विमान निघालं ते चांगलं उजाडल्यावर. बांधलेल्या बॅगा वरच्या कप्प्यात शेजारी शेजारी बसवताना तिथल्या हवाई सुंदरीची कंबर धरली. उतरताना चाकं जमिनीला टेकली आणि मास्तरांनी समोरच्या खुर्चीच्या पायाशी असा काही ब्रेक दाबला, की पुढच्या प्रवाशानं मागे वळून पाहिलं.

"लागला, लागला," विहीणबाई म्हणाल्या. "सोडा आता."

विमान थांबताच फोन चालू केला, तर मुलाचा निरोप आलेला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. विहीणबाईंनी तो मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा वाचला, आणि मास्तर त्या अरुंद वाटेत बाळसीट छातीशी धरून इतके रडले, की मागची सगळी रांग थांबून राहिली. कुणीही कुरकुर केली नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हाही बॅगा बांधलेल्याच होत्या, त्यामुळे खोलीच्या दारातून दोघांना आडवं होऊन शिरावं लागलं. आत खाटेवर मुलगी, दमलेली पण हसरी. बाजूला जावई, रात्रभरात दहा वर्षांनी मोठा झालेला. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर गुलाबी गाठोडं घेऊन, निवांत, विहीणबाईंचे यजमान बसले होते. शेजारी मास्तरांची बायको गाठोड्याच्या टोपीची नाडी सारखी करत होती.

मास्तरांच्या हातातून बाळसीट खाली पडायची राहिली. "तुम्ही दोघं? तुम्ही कसे आलात?"

"बसनं," बायको म्हणाली. "तुमचा फोन आला, मग मी व्याह्यांना फोन केला. म्हटलं, ही दोघं अडकलीत, आपण निघू या का? ते बरं म्हणाले. रात्रीच्या बसमध्ये काय गाढ झोप लागली हो! फोन कुठे लागत नव्हता, शांतच शांत. पहाटे उतरलो तर जावयाचा निरोप, तसे थेट इथे आलो, नि चांगलं ऊन वर आल्यावर ही जन्मली."

"पण रविवारचं ठरलं होतं ना!" मास्तर ओरडले.

"हळू!" मुलगी, जावई, बायको तिघंही म्हणाले.

"अहो, डोकं नीट धरा तिचं!" विहीणबाई यजमानांवर गरजल्या.

"बरं," यजमान म्हणाले आणि त्यांनी डोकं जसं धरलं होतं तसंच धरून ठेवलं. ते अगदी बरोबर धरलेलं होतं.

मुलीनं हात पुढे केला. मास्तरांनी तो धरला. "बाबा, आलात," ती म्हणाली.

"उशीर झाला गं."

"आलात ना पण!" मग ती हळूच म्हणाली, "आणि भीती नाही वाटली शेवटी. हे बाहेर उभ्या उभ्या इतके घाबरले होते, की मलाच ह्यांना धीर द्यावा लागला."

यजमान उठले आणि बाळाला घेऊन पुढे आले. ते या दोघांच्या मधोमध उभे राहिले. आता कुणाच्या हातात द्यायचं?

"विहीणबाई, आधी तुम्ही घ्या," मास्तर म्हणाले.

"छे! आधी तुम्ही. मुलीचे वडील आहात."

"नाही नाही, अहो, दुपटी तुमची आहेत..."

"सीट तुमची आहे! घ्या म्हणते ना!"

यजमान एकदा इकडे, एकदा तिकडे वळत राहिले. पाळणा हलावा तसं ते गाठोडं हललं आणि तेवढ्यात त्यातून एक इवलीशी जांभई बाहेर पडली. दारातून आलेल्या तरुण नर्सनं गाठोडं अलगद काढून घेतलं आणि पाळण्यात ठेवलं.

"झोपली," ती म्हणाली. "आता उठवायचं नाही. जागी होईपर्यंत दोघं बाहेर खुर्चीवर बसा."

मास्तरांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी आपल्या बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या. दोघं बसले, बॅगा मधे. विहीणबाईंचे डोळे आपोआप मिटायला लागले होते. रात्रभर त्यांनी एक डुलकीसुद्धा धड घेतली नव्हती. "मी जरा पडते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मधल्या गाठीकडे पाहिलं. बसनं आलेल्या यजमानांच्या बॅगेतली छोटी कात्री त्या मागून घेऊन आल्या, एका बाजूचा पट्टा सरळ कापला आणि खुर्चीत मान टेकून झोपल्या.

मास्तर बसून राहिले. दार किलकिलं होतं. आत यजमान आणि बायको हळू आवाजात बोलत होते, म्हणजे बायको बोलत होती. बराच वेळ गेला आणि आतून एक बारीक कुरकुर ऐकू आली. मग जरा मोठी. कान देवानं दिलेच होते.

मास्तर उठले. विहीणबाई घोरत होत्या. दार चार पावलांवर होतं, आणि आज पहिल्यांदाच त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. ते दोन पावलं पुढे गेले. मग त्यांचा पाय आपोआप दाबला गेला. ते मागे फिरले आणि विहीणबाईंच्या खुर्चीशी वाकले.

"विहीणबाई, उठा," ते हळूच म्हणाले. "बोर्डिंग सुरू झालंय."